मधला रंग

घरात पांढरा रंग नको, हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. उरणच्या मिठागरात माझं निम्मं आयुष्य उन्हात चमकणाऱ्या मिठाकडे डोळे बारीक करून बघण्यात गेलं. आता त्या मिठागरावर भराव पडला आहे आणि वर कंटेनर उभे आहेत. मुलगा प्रज्योत बंदरात क्रेन चालवतो. त्याने जुनं घर पाडून नवं बांधलं. पुढच्या खोलीच्या भिंतींना पुट्टी लागली आणि रंगाचा प्रश्न आला, तेव्हा मी एवढंच म्हटलं की काहीही लावा, पण घरात मीठ नको.

सून अमिषा म्हणाली, पांढरा नाही आई, ऑफ-व्हाइट घेऊ. जरा उबदार दिसतो, आणि रस्त्याची धूळ बसली तरी कळत नाही. रंगारी रितेश आमच्याच आळीतला. त्याने शेडकार्ड आणून दिलं. त्यात पांढऱ्याचेच इतके प्रकार होते की मला हसू आलं. एक ताकासारखा, एक दुधावरच्या सायीसारखा, एक उकड्या तांदळाच्या भातासारखा, किंचित लालसर. प्रज्योत आणि अमिषाचं एकमत होईना. शेवटी प्रज्योत म्हणाला, बाबा ठरवतील.

यात थट्टा नव्हती. आमचे हे, धर्मा, मिठागरात पांढऱ्याचे पारखी होते. मिठाची प्रत ठरवायची वेळ आली की मुकादम यांना हाक मारायचा. हे मूठभर मीठ उचलायचे, उन्हाकडे पाठ करायचे आणि तळहात स्वतःच्या सावलीत धरायचे. उन्हात सगळंच मीठ पांढरं दिसतं, गाळाचंसुद्धा. सावलीत धरलं की खरं काय ते कळतं. पांढरं कधी उन्हात बघायचं नाही, हे आम्हा मिठागरातल्या माणसांच्या अंगात मुरलेलं. मला ते यांनीच शिकवलं होतं.

त्या दिवशी यांनी शेडकार्ड घेतलं आणि थेट अंगणात गेले. भर उन्हात उभं राहून कार्ड नाकाशी धरलं, लांब नेलं, पुन्हा जवळ आणलं. मी ओट्यावर तांदूळ निवडत होते. माझा हात सुपातच थांबला.

मग मागच्या सगळ्या गोष्टी एकेक करून आठवायला लागल्या. बशीबाहेर सांडलेला चहा. समोरच्या दिव्यांचा त्रास होतो म्हणून काळोख पडायच्या आत घरी यायची घाई. मी ते सगळं वयावर ढकललं होतं. पण हे रोज व्हॅन चालवायचे. सकाळी गावातल्या बायकांना न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या एका गोदामात सोडायचे, संध्याकाळी परत आणायचे. अमिषाही त्याच गोदामात कामाला, रोज यांच्या शेजारच्या सीटवर. आणि त्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी ट्रेलर.

दुसऱ्या दिवशी रितेशने भिंतीवर दोन पट्ट्या मारल्या. डावीकडे सायीचा रंग, उजवीकडे उकड्या भाताचा, मध्ये कोरी पुट्टी. आम्ही सगळे जमलो. हे भिंतीसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मधला."

रितेश हसला. "काका, मधली नुसती पुट्टी हाय. माझ्या पोटावर कशाला पाय देता?"

प्रज्योतही हसला आणि मग वैतागला. बाबा, नीट सांगा, म्हणाला. यांनी पुन्हा सांगितलं, मधलाच बरा हाय, आणि व्हॅन पुसायला बाहेर गेले. सगळ्यांना वाटलं, म्हाताऱ्याला रंगाचा खर्च नको आहे. मला कळलं होतं. रंगारी नेहमी तीन पट्ट्या मारतात. यांनी न बघताच तीन धरल्या आणि मधलीवर बोट ठेवलं.

संध्याकाळी मागच्या दारी मी सरळ विचारलं, दिसतं का. हे बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिले.

"सखू, रस्ता मला पाठ हाय."

"ट्रेलर पाठ न्हाय ना."

डोळे दाखवू, असं मी पूर्वीही म्हटलं होतं, तेव्हा हे ताटावरून उठले होते. यांचा थोरला भाऊ भागोजी एका शिबिरात मोतीबिंदू काढायला गेला आणि डोळाच गमावून आला. तेव्हापासून हे दवाखान्याच्या दारातसुद्धा उभे राहत नाहीत. आता यांनी माझ्याकडे मुदत मागितली, रंगाचं काम उरकेपर्यंत. प्रज्योतला कळलं तर तो चावी काढून घेईल, मग मी काय ओट्यावर बसून कावळे हाकू, म्हणाले. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

सकाळी मी उरणच्या बाजारात रंग बघायचा म्हणून व्हॅनमध्ये बसले. अमिषा पुढे, तिच्या मागे मी, माझ्या शेजारी ठमाबाई. गाडी हायवेला लागली आणि अमिषाचं तोंड सुरू झालं. ट्रेलर थांबलाय बघा बाबा, आजपण रांग. बाईकवाला उजवीकडून कसा घुसतोय बघा. आता सिग्नल लाल झाला, गेला अर्धा तास. ती थांबतच नव्हती.

ठमाबाई मला कोपराने ढोसून म्हणाली, "सखुबाय, तुझ्या सुनेच्या तोंडाला झाकण न्हाय. गोदामात मात्र मुकी."

मागच्या बायका खिदळल्या. मी हसले नाही. अमिषाचा हात सीटची कड घट्ट धरून होता. ती यांच्याकडे एकदाही बघत नव्हती, डोळे रस्त्यावर खिळलेले. ती ट्रेलर म्हणाली की यांचा पाय ब्रेकवर जायचा. बाईकवाला म्हणाली की स्टिअरिंग हलायचं. गोदामात मुकी असणारी माझी सून गाडीत का बोलते, ते मला तेव्हा कळलं.

पुढच्या वळणावर रस्त्याचं काम चाललं होतं. मध्ये सिमेंटचे नवे ठोकळे मांडून ठेवले होते. त्यांना अजून पट्टे मारलेले नव्हते, धुळीच्या रस्त्यात धुळीच्याच रंगाचे. नेमकं त्याच वेळी ठमाबाईने अमिषाला डब्यात काय आणलंस म्हणून विचारलं, आणि उत्तर द्यायला अमिषा मागे वळली.

गाडी उजवीकडे सरकत होती. मला ठोकळे दिसले, यांना दिसत नव्हते. मिठागरात डोक्यावर पाटी घेऊन अरुंद बांधावरून जाताना मागचा माणूस पुढच्याला जसा सांगतो, तसंच माझ्या तोंडून निघालं.

"उजवीकडं बांध तुटलाय."

यांनी स्टिअरिंग डावीकडे ओढलं. उजवीकडचा आरसा खरवडत गेला आणि तुटून पडला. डाव्या बाजूला ट्रेलरचं चाक माझ्या खिडकीइतकं उंच आलं, त्याचा भोंगा कानात शिरला आणि मागे गेला. मग गाडीत फक्त इंजिनाचा आवाज उरला.

गोदामाशी बायका उतरल्या. ठमाबाईने पदर नीट केला आणि मागे न बघता आत गेली. मी अमिषाचं मनगट धरलं. कधीपासून, म्हणून विचारलं. ती म्हणाली, दिवाळीपासून. बाबांनी कोणाला सांगू नकोस म्हणून हात धरला होता. प्रज्योतला सांगितलं असतं तर तो आळीभर ऐकू जाईल असा बोलला असता. "मला वाटलं, मी बोलत राहीन तोवर काय होनार न्हाय."

"आणि आज तू मागं वळलीस," मी म्हटलं. माझा आवाज मलाच कडू लागला. तिने मनगट सोडवून घेतलं नाही. मीच सोडलं.

मी यांना परत गाडीत बसू दिलं नाही. व्हॅन गोदामाच्या आवारात ठेवली आणि आम्ही रिक्षाने घरी आलो. यांनी चावी खिशात मुठीत आवळून धरली होती.

संध्याकाळी अमिषा दुसऱ्या गाडीने परतली आणि चूल बघायच्या निमित्ताने आत गेली. प्रज्योत ड्युटीवरून आला होता, रितेशही ब्रश घेऊन उभा होता. गाडी कुठाय म्हणून प्रज्योतने विचारलं. हे म्हणाले, पंक्चर. मग प्रज्योत रंगावर आला. रितेशला उद्या दुसरं काम आहे, आता तरी सांगा.

"मधला," हे म्हणाले.

प्रज्योतचा आवाज चढला. सगळ्यांनी तुमचा मान ठेवायचा आणि तुम्ही मस्करी करायची का, असं बरंच काही तो बोलत गेला. हे मान खाली घालून ऐकत होते, आणि तरी मूठ खिशातच. उद्या ठमाबाई पुन्हा याच गाडीत बसणार; घरी तिची वाट बघणाऱ्या तिच्या नाती माझ्या डोळ्यांसमोर आल्या. मी उठले. मावळतीचं ऊन दारातून सरळ भिंतीवर पडत होतं. मी दार लोटलं.

"उन्हात न्हाय," मी यांना म्हटलं. "इकडं सावलीत या. मीठ बघायचात तसं बघा आणि सांगा, किती पट्ट्या हायेत."

प्रज्योत बोलायचा थांबला. अमिषा स्वयंपाकघराच्या दारात आली. हे भिंतीपाशी गेले, खूप जवळ. मग खिशातला हात बाहेर काढून तळवा भिंतीवर टेकवला आणि हळूहळू सरकवला. एका जागी बोटं अडली. पुढे गेली, पुन्हा अडली.

"दोन," हे म्हणाले. जरा वेळाने म्हणाले, "हाताला दोन लागतात. डोळ्याला एकपण न्हाय."

यांनी चावी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

प्रज्योतने आधी चावीकडे बघितलं, मग अमिषाकडे. "तुला ठाऊक होतं?"

"व्हय."

तो पुढे सरकला, तशी मी मध्ये आले. तिने डोळे दिले म्हणून आजवर गाडी घरी आली, हे मी त्याला सांगितलं, आणि सकाळी काय झालं तेही. आरसा, ठोकळे, ट्रेलरचं चाक, सगळं. तुझ्या बापाचे डोळे गेले हे त्याच घरात राहून तुला कळलं नाही, मलाही उशिरा कळलं, तेव्हा तिच्यावर ओरडायचा हक्क आपल्या दोघांनाही नाही. प्रज्योत रंगाच्या डब्यावर बसला. रितेश ब्रश पुसत राहिला, ब्रश कोरडाच होता.

मग प्रज्योत जमिनीकडे बघत म्हणाला, कुठलाही लाव रे रितेश. मी नको म्हटलं. भिंत थांबेल.

दवाखान्यात जायला हे तयार होईनात. शेवटी एक अट घातली, भागोजी बरोबर आला तर. भागोजी आपल्या एका डोळ्याने आला, दिवसभर यांच्याशेजारी बाकावर बसला आणि यांना आत नेताना म्हणाला, माझा गेला तो शिबिराच्या मांडवात, इथं भिंती तरी हायेत. मी बाहेर बसून होते.

एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दुसऱ्याचं अजून व्हायचं आहे. काळा चष्मा काढायची परवानगी मिळाली त्या दिवशी हे घरात आले, दार लोटून घेतलं, खिडकीकडे पाठ केली आणि भिंतीसमोर उभे राहिले. यांनी डावी पट्टी बराच वेळ बघितली.

"ह्यात गाळ हाय," म्हणाले. मग उजवीकडे वळले. "हा चालंल. भात कसा, तसा हाय."

"मला डावा आवडला होता, बाबा," अमिषा म्हणाली. त्या संध्याकाळनंतर ती यांच्याशी पहिल्यांदाच आपणहून बोलत होती. प्रज्योतशी तर अजून कामापुरतंच.

"मग डावा लाव. पण गाळ हाय."

ती हसली, आणि उजवाच ठरला. रितेशने रंगाला हात लावण्याआधी खिडकीचा कट्टा मोकळा करायला घेतला. चावी इतके दिवस तिथेच पडली होती, कोणी उचलली नव्हती. त्याने ती वर धरून विचारलं, ही कोणाला देऊ. मी यांच्याकडे बघितलं.

"अमिषाला दे," हे म्हणाले. "तिला शिकवायला लाव कोणाला तरी. दिवाळीपासून गाडी तीच चालवत होती."

अमिषाने लगेच हात पुढे केला नाही. ती प्रज्योतकडे बघत होती. रंगाचे डबे दोघांच्या मध्ये मांडलेले होते. प्रज्योतने वाकून एक डबा पायाने नाही, हाताने बाजूला सरकवला, तिला खिडकीपर्यंत जाता येईल एवढा.