काकूंच्या घरचा काळपट चहा

गल्लीच्या तोंडाशी टेबल मांडलं होतं आणि त्यावर घराघरांतून आणलेले पाण्याचे पेले. सगळी गल्ली लोटली होती. गावोगाव फिरणारा एक बाबा एकेका पेल्यात चिमूटभर 'सिद्ध भस्म' टाकायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "माणूस खोटं बोलेल बाळांनो, पाणी बोलणार नाही." पेला जेमतेम पिवळसर व्हायचा आणि त्या घरच्या मंडळींचा जीव भांड्यात पडायचा. मग काकूंच्या पेल्याची पाळी आली. चिमूट पडली आणि पाणी काळंनिळं झालं. पुढे उभे असलेले झटकन मागे सरले.

गल्लीतली पोरं उलट्या-जुलाबांनी हैराण होती. डॉक्टरांनी पाणी उकळून द्या म्हणून सांगितलं होतं. पण रोज उकळत कोण बसणार? त्यापेक्षा कोणाच्या तरी माथी खापर फोडणं सोपं. ही पोरं दिवसभर काकूंच्या पाळणाघरात असत, तेव्हा माथाही तयारच होता. बाबाने बोट दाखवलं, हिची दृष्ट पाण्यात उतरलीय म्हणाला. बाकीच्यांना अभय दिलं: तुमचं नळाचं पाणी निर्मळ आहे, खुशाल तसंच प्या.

संध्याकाळपर्यंत पाळणाघर ओस पडलं. चिऊचा बाप तिची दुलई घेऊन गेला, पेली मात्र विसरला. चिऊ अजून धड बोलतही नव्हती, पण काकूंच्या कडेवरून उतरायचं नाव घ्यायची नाही. काकूंचं पोट त्या पाळणाघरावर चालायचं. तरी त्या रडल्या ते चिऊसाठी.

मी त्यांची पुतणी, शाळेत रसायनशास्त्र शिकवते. बाबाहून जास्त राग मला आमच्याच लोकांचा आला. काकूंकडचा चहा काळपट होतो हे सगळ्या गल्लीला वर्षानुवर्षं ठाऊक होतं. "काकू, चहा केलात की शाई?" म्हणत तोच चहा हे लोक मिटक्या मारत प्यायचे. नळाचा भरवसा नाही म्हणून काकू अंगणातल्या जुन्या हातपंपाचं पाणी वापरत, आणि त्या पाण्यात लोह आहे. चहातलं तुरट द्रव्य लोहाला भेटलं की काळा रंग येतो. हिरड्यात ते द्रव्य भरपूर असतं. टेबलावर सांडलेलं भस्म मी जिभेला लावून पाहिलं, हिरड्याचीच पूड होती. आणि आदल्या दिवशी बाबाला बसवून हाच काळपट चहा पाजला होता तो काकूंनीच.

मी हातपंपाचं आणि नळाचं, दोन्ही पाणी तपासायला पाठवलं. चार दिवसांनी बाबा उतारा करायला पुन्हा आला, तेव्हा मी एका निर्मळ ठरलेल्या घरचा पेला उचलला आणि त्याचंच भस्म त्यात टाकलं. जेमतेम पिवळसर झालं. मग गंजके खिळे भिजवलेल्या व्हिनेगरचे थेंब सोडले. पाणी काळंठिक्कर पडलं.

"आता कोणाची दृष्ट लागली?" मी विचारलं.

बाबा गोड हसला. "ताई, ही तुमच्या शिक्षणाची माया," म्हणाला आणि झोळी उचलून चालता झाला. कोणी त्याला अडवलं नाही.

तपासणीचा निकालही आला. हातपंपाच्या पाण्यात लोहाखेरीज काही नव्हतं. नळाच्या पाण्यात मैल्यातले जंतू होते. खणून पाहिलं तर गटारातून गेलेला पाइप फुटलेला. चिऊ तोवर दवाखान्यात पोचली होती. बाबाने निर्मळ म्हटल्यापासून तिच्या घरी पाणी उकळणं बंद झालं होतं. ती परत आली नाही.

पुढे तिची आई पेली न्यायला आली. काकूंनी ती घासूनपुसून ठेवली होती. "बस, चहा टाकते," एवढंच त्या म्हणाल्या. तो काळपट चहा ती मान खाली घालून प्यायली.

काकूंचं मन मोठं आहे, माझं नाही. म्हणून लिहिते. लोह रंग दाखवतं, जंतू दाखवत नाहीत. पाणी तपासून घ्या, तोवर उकळून प्या, आणि कोणाकडे बोट दाखवण्याआधी डोकं वापरा. चिऊने शेवटी प्यायलेलं पाणी अगदी नितळ होतं.