जयवंतीची गोष्ट आणि माझं डिलीट बटण

मी एक जुना कीबोर्ड आहे. डहाणू स्टेशनजवळच्या भारतीताईंच्या टायपिंगच्या दुकानात माझं आयुष्य गेलं. कारखान्यातून खोक्यात बसून आलो तेव्हा माझ्या सगळ्या बटणांवर अक्षरं होती. आता बरीच झिजली आहेत. सगळ्यात गुळगुळीत झालंय ते डिलीटचं बटण, आणि मित्रांनो, त्याचीच मला लाज वाटते.

अर्ज, दाखले, लग्नपत्रिका मी पुष्कळ लिहिल्या. "भारतीच्या टायपिंगला तोड नाही," असं लोक म्हणायचे, तेव्हा मीही मनात फुगायचो. मग यंदा तलासरीकडच्या पाड्यावरून जयवंती आली. तिने पहिलीच कथा लिहिली होती. ती दिवाळी अंकाला पाठवायची होती आणि शेवटची तारीख तोंडावर आली होती.

कथेत एक भुकेली पोर शिजलेल्या कोवळ्या भाजीला हात घालते आणि आई तिच्या हातावर चापट मारते. त्यांच्या पाड्यावर पावसाळ्यातली पहिली भाजी देवाला दाखवल्याशिवाय कोणी खात नाही. "देवाला दावल्याबिगर खायाची नाय, बाय," असं म्हणून आई स्वतःच तोंड फिरवून रडते.

"अगं, हे शहरातल्या लोकांना काय कळणार?" भारतीताई म्हणाल्या. "उडवून टाकते. भाषा पण जरा शुद्ध करते."

जयवंती स्क्रीनकडे बघत राहिली. ताईंचं बोट खाली आलं. देव गेला, आईचं बोलणं गेलं. एरवी धुळीने अडकून बसणारं माझं बटण त्या दिवशी मात्र मेलं एकदाही अडकलं नाही.

काही दिवसांनी जयवंती एसटीतून उतरून धावत आली. "ताई, संपादकांचा फोन आलेला. विचारतात, आई पोरीला मारते कशाला? सुधारून पाठवा, जागा उरली तर घेऊ म्हणाले."

भारतीताईंचा चेहरा उतरला. "मीच उडवलं गं ते."

"मी पण गप बसले ना. मला वाटलं, छापायचं तर असंच लिहाया लागतं."

"आता तू मोठ्याने सांग. सांगशील तसंच टाइप करते."

ती सांगू लागली. झेरॉक्ससाठी थांबलेली म्हातारी शुक्री आपलं काम विसरून ऐकत राहिली. चापटीपाशी जयवंती श्वास घ्यायला थांबली, तर शुक्री म्हणाली, "मंग? पोर उपाशीच निजली काय?"

कथा पुन्हा पाठवली, पण तोवर अंकाची पानं भरली होती. दिवाळीत अंक दुकानात आला. ताईंनी तो पुढून मागून चाळला आणि मिटून ठेवला. कथा पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे म्हणे. तरी जयवंतीचं एक वर्ष आम्ही वाया घालवलं, ही टोचणी जात नाही.

मित्रांनो, लिहीत राहा. ज्या दिवाळी अंकाला गोष्ट पाठवणार, त्याचे जुने अंक आधी वाचा, तारखेच्या आधी थोडे दिवस हाताशी ठेवा. गोष्ट कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा, ऐकणारा "मंग?" म्हणाला तर ती जिवंत आहे. आणि आपल्या आईच्या बोलण्यावर कुणी बोट ठेवलं, तर गप्प बसू नका.

काल जयवंती दुसरी कथा घेऊन आली. टाइप करता करता ताईंचं बोट डिलीटवर आलं. मी धास्तावलो. पण बोट तिथेच थांबलं.

"जयवंती, हा शब्द मला कळला नाही. म्हणजे काय गं?"

जयवंतीने स्टूल जवळ ओढलं आणि सांगायला लागली.