नुसत्या बसलेल्या वीस जणी

कोपरखैरण्याच्या कॉलेजात चारुलताबाई मानसशास्त्राच्या मुलांना संशोधन पद्धती शिकवत. कुणाला समुपदेशक व्हायचं, कुणाला कंपनीत एचआर. "मॅडम, आम्हाला माणसं बघायचीयेत, आकडे कशाला?" हे ऐकून घ्यायची बाईंना सवय होती.

उझमा मात्र आज आकडेच घेऊन आली, तेही तोंड पाडून. तुर्भ्याच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या चाळीस बायकांवर तिने प्रयोग केला होता. वीस जणींनी रोज दहा मिनिटं श्वासाचा व्यायाम करायचा, बाकीच्या वीस जणींनी तेवढा वेळ नुसतं बसायचं. व्यायामाने ताण उतरतो असं दिसलं, तर तिथले मॅनेजर शिवतेजसर हाच कार्यक्रम चालवायला तिला नोकरीवर घेणार होते.

"मॅडम, नुसत्या बसलेल्यांचाच ताण जास्त उतरलाय."

"असं कसं गं?"

"मीपण तेच विचारलं. तर गोजरामावशी म्हणतात, रिकामं काय बसायचं, नाम घेतलं. फातिमाआपा तस्बीहची माळ फिरवत होत्या. सगळ्याच काही ना काही."

बाईंना हसू आलं आणि लगेच ओशाळल्यासारखं झालं. दुसऱ्या गटाला नुसतं बसवा, हे त्यांनीच शिकवलेलं. सकाळची माळ झाल्याशिवाय त्या स्वतः पाणी पीत नसत. तरी दहा मिनिटं हाती आल्यावर बायका काय करतील, हे त्यांना सुचलं नव्हतं.

"तो गट काढून टाकू का? पहिल्या गटाचाही उतरलाय थोडा. तेवढंच दाखवते."

"नाही बाळा. ते खोटं होईल."

"मग नामाने फरक पडतो असं लिहू? तुम्हाला तर आवडेल."

होकार अगदी ओठांवर आला. पण फरक नामाने पडला, की श्वास बरोबर घेतोय का, ही काळजी या वीस जणींना नव्हती म्हणून? बाईंना काही कळेना.

"तेही आपल्याला ठाऊक नाही," त्या हळूच म्हणाल्या. म्हणताना देवाचा अपराध केल्यासारखं वाटलं.

उझमाने तिथूनच शिवतेजसरांना फोन लावला, स्पीकरवर ठेवला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"म्हणजे व्यायामाचा उपयोग आहे की नाही?"

"सर, माहीत नाही."

"मग तुला घेऊन मी वर काय सांगू?" म्हणत त्यांनी फोन ठेवला.

उझमाने दोन्ही गटांचे आकडे जसेच्या तसे असलेला अहवाल सहीसाठी पुढे सरकवला. बाईंनी सही केली. पोरीचं भलं केलं की नुकसान, हे त्यांना ठरवता येईना.