आजोबांची मान आणि भोपळ्याचे कान

मित्रांनो, मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. डोक्यावर दोन घंटा, मधे हातोडी आणि एक पाय जरा आखूड, त्यामुळे वाजताना मी टेबलावर नाचतोही. तरुणपणी मी असा कडाडायचो की शेजारच्या कोंबड्याने लाजून आरवणेच सोडले. खोटे वाटत असेल तर त्यालाच विचारा. तो बोलणार नाही.

पुढे घरात मोबाईल आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कित्येक वर्षे मी सहा वाजून दहा मिनिटांवर रुसून बसलो होतो.

एके दिवशी आजोबांनी मला खाली काढले, पुसले, किल्ली दिली. त्यांच्या पायाशी एक पिल्लू लोळत होते. पोट इतके गोल की आजीने त्याचे नाव ठेवले भोपळ्या. ऐकू न येणाऱ्या माणसांसाठी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेने ते आजोबांकडे वर्षभर वाढवायला दिले होते. पुढे ते एका शिवणकाम करणाऱ्या ताईंकडे जाणार होते. ताईंना ऐकू येत नसे, आणि घरात तान्हे बाळ होते.

आजोबांनी भोपळ्याला बाजारात फिरवले, जिने चढवले, न्हाव्याच्या दुकानातही बसवले. कुणी शिंकले तरी त्याने दचकू नये, म्हणून. माझे काम घरचे. मी वाजलो की त्याने आजोबांच्या गुडघ्याला पंजा लावायचा आणि त्यांना माझ्यापर्यंत आणायचे. महिन्याभरात स्वारी इतकी तरबेज झाली की मी वाजायच्या आधीच धावू लागली! आमच्या भोपळ्याला पुढचंही ऐकू येतं, असे आजोबा गल्लीभर सांगत सुटले.

खरी गोष्ट मला ठाऊक होती. आजोबांनी जन्मभर शाळेची घंटा वाजवली होती. गजराची वेळ होत आली की त्यांची मान आपसूक घड्याळाकडे वळे. पिल्लू त्या मानेवर डोळा ठेवून होते. पण माझे कोण ऐकतो? मला एकच शब्द येतो.

वर्ष संपायला महिना उरला तेव्हा संस्थेच्या शिक्षिका आल्या. त्यांनी आजोबांना बाहेर पाठवले आणि मला वाजवले. मी घसा फाटेस्तोवर ओरडलो. भोपळ्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला.

"आजोबा, हा ऐकत नाही, तुमच्याकडे बघतो," शिक्षिका म्हणाल्या. "ताईंची मान वळणारच नाही. बाळ रडलं तर हा काय करेल?"

आजोबा त्या दिवशी जेवले नाहीत. मग आजीने पदर खोचला. ती मला कधी पिठाच्या डब्यामागे, कधी बुटात लपवी आणि गजराची वेळ कुणाला सांगत नसे. आजोबा गळ्याभोवती जाडजूड टॉवेल गुंडाळून ताठ बसत. तरी मान वळेच.

"मी हाक मारली की कधी वळली नाही ही मान," आजी म्हणाली. "बुटाला मात्र लगेच वळते."

परीक्षेच्या दिवशी आजोबांना दाराबाहेर बसवले. आत ताई पाठमोऱ्या शिवत होत्या. मी फळीवरून वाजलो. भोपळ्याने दाराकडे पाहिले, ताईंकडे पाहिले. मान कुणाचीच वळेना. माझी किल्ली संपत आली. तेवढ्यात तो उठला, ताईंच्या गुडघ्याला पंजा लावला आणि त्यांना थेट माझ्यापुढे आणून उभे केले. ताईंनी मला थोपटून गप्प केले.

परीक्षा संपली असे वाटले, तोच भोपळ्याने पुन्हा पंजा लावला. या वेळी तो ताईंना दाराबाहेर घेऊन गेला. तिथे आजोबा टॉवेलात तोंड खुपसून बसले होते.

"याने मला इथे आणलं," ताई म्हणाल्या. "काय वाजलं?"

ताईंना ओठ दिसावेत म्हणून आजोबांनी टॉवेल बाजूला केला. "नाक," ते म्हणाले. "माझं नाक वाजलं."

मित्रांनो, मला तुम्ही नियमाने किल्ली द्या, एवढे एक. आणि घरात कुणी लहानगे काही शिकत असेल, तर त्याच्याआधी मान वळवू नका. जरा कळ काढा. दाराबाहेर कुणी गुपचूप नाक पुसत असेल, तर मात्र थांबू नका. त्याच्या गुडघ्याला हात लावायला कुत्राच हवा, असे काही नाही.