बेसमेंटमधलं पिंप

नॉर्थ यॉर्कचा कॉन्डो फ्लॅट विकून एलायजा आणि फ्लॉरेन्स नोव्हा स्कोशियात समुद्रकाठी राहायला आले, आणि या वादळी भागातल्या घरविम्याचा आकडा ऐकून एलायजाचे डोळे पांढरे झाले. पेन्शनीत एवढा हप्ता बसणार नव्हता. घर विकून परत नॉर्थ यॉर्कला मुलाकडे जायचं, हे त्याने मनाशी जवळजवळ ठरवलंच होतं.

फ्लॉरेन्सने मात्र फोन स्पीकरवर टाकून एजंटबाईंना जाब विचारला.

"वादळाचे पैसे पडणारच," बाई म्हणाल्या, "पण तुमच्याकडे हीटिंगच्या तेलाची टाकीही आहे. ती गळली तर? त्याचाही हप्ता धरलाय."

"तेलाची? आमचं हीटिंग तर विजेवर आहे." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, काय सांगितलंत यांना?"

"बेसमेंटमध्ये टँक आहे का, विचारलं. मी हो म्हणालो. पिंप आहे की."

"ते वादळात पाणी गेलं तर म्हणून भरलंय. मुंबईची सवय. पिंपाला टँक म्हणतात होय?"

बाई हसल्या आणि त्यांनी नवा हप्ता सांगितला. जडच होता, पण झेपणारा.

"यापुढे फोन मी घेणार," फ्लॉरेन्स म्हणाली.

एलायजाने खुशाल मान डोलावली. बोलणी खाऊन इतकं हलकं त्याला कधी वाटलं नव्हतं.