आमदार पेटिंगिलची कबुली

लेमुएल पेटिंगिल भित्रा आहे, हे इंडियानातल्या साऱ्या ॲल्डर फेरी गावाला ठाऊक होतं. स्वतःचं साप्ताहिक चालवायचा, त्याच्या जोरावर राज्याच्या विधानसभेतही पोचला. पण तिथे हात वर करायचा तो आधी इकडेतिकडे बघून.

अशा माणसाने मागच्या अंकात एक निनावी पत्र छापलं आणि नसती पीडा ओढवून घेतली. गिरणीवाला बॉडिन स्वतंत्र काळ्या माणसांना पळवून नदीपलीकडच्या गुलामगिरीच्या राज्यात गुलाम म्हणून विकतो, असं त्यात होतं. लिहिलं होतं शाळेतल्या लॅथमबाईंनी. तुमचं नाव फुटणार नाही, असा शब्द पेटिंगिलने त्यांना दिला होता. शब्द द्यायला काय जातंय!

आता भर दुपारी वीसेक माणसं छापखान्यात घुसली होती. बॉडिनच्या हातात घण होता. पत्र कुणाचं ते सांग, आजच त्याचं घर पेटवतो, असं त्याने सरळ सांगून टाकलं. पेटिंगिलची बोबडीच वळली. लॅथमबाई शाळेमागच्या खोलीत एकट्या राहत होत्या.

"मी लिहिलं," तो कसाबसा म्हणाला.

माणसं खो खो हसली.

"तू?" बॉडिन म्हणाला. "अहो आमदारसाहेब, शेजारी कुणी शिंकलं तरी तुम्ही मत फिरवता. मुकाट्याने नाव सांग."

आयुष्यभराचा भित्रेपणा असा अंगाशी आला. पेटिंगिलची विजार ओली झाली होती, आणि त्याची लाज वाटायलाही सवड नव्हती. तो छपाईच्या खिळ्यांच्या पेटीपाशी गेला आणि एकेक अक्षर जुळवू लागला. दोनदा खिळे हातातून सांडले. चार ओळी झाल्यावर त्याने शाई फिरवली, कागद दाबून काढला आणि बॉडिनपुढे धरला.

पत्रात नव्हतं ते त्यात होतं. मार्चमध्ये बॉडिनने पळवलेल्या तिघांची नावं होती, त्यांना नेणारी होडी कुठल्या धक्क्यावरून सुटली ते होतं, आणि खाली पेटिंगिलची सही.

बॉडिनने वाचलं. त्याचं हसू मावळलं.

"हे तू कुठे पाहिलंस?"

"या खिडकीतून," पेटिंगिल म्हणाला. "तीन महिने तोंडातून ब्र काढला नाही मी."

पत्रही यानेच लिहिलं, हे आता मात्र सगळ्यांना पटलं. घणाचा पहिला घाव छपाईयंत्रावर पडला. दुसरा कुठे पडणार, हे पेटिंगिलला कळत होतं. भीतीने तो लहान मुलासारखा रडत होता, पण दाराकडे काही गेला नाही.