मोगऱ्याची तहान

दुसरं महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या उन्हाळ्यातली गोष्ट. समुद्रकाठच्या उत्तन गावात बर्नडेटच्या अंगणात तिच्या आईनं लावलेला मोगरा होता. आई गेली, वेल राहिला. थोरल्या बहिणीचं, एडनाचं लग्न ठरलं तेव्हा तिनं एकच हट्ट धरला: वेणीत आईच्या वेलाचं फूल हवं.

कळ्या भरपूर याव्यात म्हणून बर्नडेटनं, घरच्या नारळाला घालतात तसं, मासळी खारवलेलं पाणी मोगऱ्याला घातलं. पानांनी माना टाकल्या. तिला वाटलं, कमी पडलं. तिनं आणखी घातलं.

"मावशी, माती ओली हाय, तरी हा तहानलेला कसा?"

गर्ट्रूड मावशीनं माती बोटानं चाखली. "बोंबलाला मीठ लावलं की काय होतं?"

"पानी सुटतं."

"मुळांचं तेच झालं. त्यांनी प्यायचं, तर मिठानंच त्यांच्यातलं ओढून घेतलं. नारळ सोसतो गो, हा नाजूक हाय."

बर्नडेटच्या डोळ्यांत पाणी आलं. मावशी रागावली नाही. कात्री घेऊन पानं छाटू लागली. बर्नडेटनं तिचा हात धरला.

"बघ," मावशी म्हणाली, "पानं वाऱ्यावर पानी सोडतात. वरचा थेंब गेला की त्याच्यामागचा वर सरकतो, असं थेट मुळापर्यंत. आता खालून काय येत न्हाय. मग वरचं दार लावायला नको?"

गोड्या विहिरीचं पाणी त्या दिवसांत पिण्यापुरतंच मिळे. बर्नडेट आपल्या वाटचं थोडं वेलाला घाली आणि दुपारी खोडाला कान लावून पडून राही. डोळे मिटले की तिला आत बारीक वाटा दिसत. त्यांवरून थेंब एकमेकांचं बोट धरून वर चढत. सगळ्यात पुढे आई असे.

लग्नाच्या आदल्या दिवशी बायका वाजतगाजत गोड्या विहिरीवर जाऊन उंबराचं पाणी घेऊन आल्या. या पाण्यानं नवरीला न्हाऊ घालायची रीत.

"पाट मोगऱ्यापाशी मांडा," एडना म्हणाली.

"मोगरा कुठं हाय? काडी हाय ती," शेजारची इनास काकू हसली.

"मग काडीपाशी मांडा."

एडनाच्या केसांवरून ओघळलेलं पाणी मातीत मुरत गेलं. खार खाली खाली उतरत गेला.

पहाटे मावशीनं वेलाचं टोक जरासं कापलं. तिघी वाकून बघत राहिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग कापलेल्या जागी ओल चमकली, फुगली, गोल झाली.

"प्यायला लागला," मावशी पुटपुटली.

फूल नव्हतंच. एडनानं तो थेंब बोटावर घेतला, वेणीला लावला आणि ती चर्चकडे निघाली. बर्नडेट मागे वळली, तेव्हा दुसरा थेंब वर येत होता.